पत्ता एक, कुलपं अनेक!

चेन्नईत घर शोधायला निघालात तर पत्त्यात दोन-दोन नंबर दिसतात, एक जुना आणि एक नवा. दार सापडलं तरी काम संपत नाही. मैलापूर-ट्रिप्लिकेनकडच्या जुन्या 'स्टोअर'मध्ये, म्हणजे आपल्याकडच्या बैठ्या चाळींत, एकाच दारामागे कितीतरी बिऱ्हाडं. नाव सांगावंच लागतं.

इंटरनेटवरही तसंच. समजा, टी. नगरचा साडीवाला, मैलापूरचा संगीत क्लास आणि अण्णा सलाईवरची ट्रॅव्हल कंपनी यांच्या वेबसाइट एकाच सर्व्हरवर आहेत. तिघांचा आकडी पत्ता एकच. साध्या वेबसाइटला यात अडचण नव्हती. पाहुणा आत येऊन नाव सांगे. अडचण होती कुलूपबंद संभाषणाची. तिथे सर्व्हरने आधी प्रमाणपत्र दाखवायचं, मग कुलूप लागायचं आणि नाव त्यानंतर, कुलपाच्या आत! मग कुणाचं प्रमाणपत्र दाखवायचं, हे कळणार कसं? म्हणून प्रत्येकाला वेगळा पत्ता घ्यावा लागे. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात जेमतेम ४२९ कोटी; आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. ज्याला हा खर्च परवडत नसे तो कुलुपाविनाच धंदा करी आणि गिऱ्हाइकाचा पासवर्ड पोस्टकार्डासारखा उघडा जाई.

तोडगा खरं तर २००३ सालीच निघाला होता. ब्राउझरने पहिल्याच नमस्कारात नाव सांगून टाकायचं! यालाच 'सर्व्हर नेम इंडिकेशन' म्हणतात. पण विंडोज एक्सपीवरचा इंटरनेट एक्सप्लोरर हे नाव सांगतच नसे. एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार काढला, डिसेंबर २०१५ पासून 'लेट्स एन्क्रिप्ट'ची प्रमाणपत्रं सर्वांना फुकट मिळू लागली, तेव्हा कुठे छोट्या दुकानदाराची वाट मोकळी झाली.

आज वेबसाइट करून घेताना एवढं जरूर विचारा. सर्व्हरवर आपल्या नावाची वेगळी नोंद आहे ना? तिच्याशी त्याच नावाचं प्रमाणपत्र आणि किल्ली जोडली आहे ना? 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सकट आणि त्याविना, दोन्ही नावं त्यात हवीत. नोंद चुकली तर सर्व्हर बहुधा पहिल्या बिऱ्हाडाचं प्रमाणपत्र पुढे करतो, ब्राउझर धोक्याचा इशारा देतो आणि साडी घ्यायला आलेली बाई तिथूनच माघारी फिरते. प्रमाणपत्राची मुदतही थोडकी असते, तेव्हा नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय करून घ्यावी.

पहिल्या नमस्कारातलं नाव मात्र सहसा उघडंच जातं. आतलं बोलणं वाटेतल्याला कळत नाही, पण तुम्ही कुणाच्या दारी गेलात ते कळतं. तेही झाकण्याची सोय २०२३ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आली. समोरच्या सर्व्हरची तयारी असेल तरच ती चालते.