अंगठ्याआधी कागद वाचून घ्या

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,’ ही म्हण आपल्याकडे लहान पोरालाही पाठ असते. म्हणूनच जमिनीचा कागद करायचा झाला की आपली पावले वकिलाऐवजी दस्तलेखकाकडे वळतात. हडपसर असो की दुसरे गाव, दुय्यम निबंधकाच्या कचेरीजवळ दस्त लिहून देणारे भेटतातच. पूर्वी त्यांच्या हाती टाक होता, मग टंकयंत्र आले, आता संगणक आहे. खर्च कमी, काम हातोहात. त्यात गैर काही नाही. मात्र त्यांच्याकडून कोणते काम करून घ्यावे आणि कुठे थांबावे, हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः बायाबापड्यांना, ठाऊक हवे.

हे दुखणे जुने आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. न वाचता अंगठा दिलेल्या कागदांनी जमिनी गिळल्या होत्या. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. शेतकऱ्याचे कर्जखत गावच्या निबंधकासमोर लिहायचे आणि सहीपूर्वी मोठ्याने वाचून दाखवायचे, असा त्यात नियम होता. पुढे १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. तो ज्या गावी त्यांनी वाचून दाखवला, त्यांत हडपसरचेही नाव आहे.

तो कायदा आज नाही, पण धोका आहेच. हडपसरच्या भाजीच्या मळ्यांवर इमारती उभ्या राहिल्या आणि गुंठ्याला मोल आले. समजा, वडील वारले. भाऊ म्हणतो, “ताई, वारसाची नोंद करायची आहे, सही कर.” ताई विश्वासाने सही करते आणि कागद निघतो हक्कसोडपत्राचा! वारस नोंदीसाठी कोणालाही आपला हिस्सा सोडावा लागत नाही. ती तलाठी कार्यालयात अर्ज देऊन होते. हक्कसोडपत्र मात्र दुय्यम निबंधकापुढे नोंदवावे लागते. तिथे ‘सही तुमचीच ना?’ हे पाहतात, सौदा तुमच्या हिताचा आहे का, हे पाहत नाहीत. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने दिला आहे. तो एका सहीने जातो, आणि परत मिळवायला मग कोर्टाचीच पायरी चढावी लागते.

लक्षात ठेवा, दस्तलेखक सांगितलेले लिहितो. सांगणारा पुष्कळदा ज्याला कागद हवा तोच असतो.

मग दस्तलेखक कधी पुरेसा? सारे वारस एकमताचे असतील, हिस्से ठरलेले असतील, सातबारा आणि फेरफार जुळत असतील, तर अवश्य त्याच्याकडून लिहून घ्यावे. मृत्युपत्र तर साध्या कागदावरही चालते, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदार मात्र हवेत.

वकील कधी हवा? घरात एकाचीही कुरकुर असेल, वारस अज्ञान असेल, जमिनीवर कर्ज किंवा दावा असेल, कोणी मुखत्यारपत्र मागत असेल, किंवा बिल्डरचा करार असेल, तर. तिथे सल्ल्याचे पैसे वाचवणे म्हणजे सुईसाठी कुऱ्हाड गमावणे.

पैसे नसले तरी वाट आहे. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, त्यांची मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींनाही तीच सवलत आहे. पुण्यात शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते.

कोऱ्या कागदावर सही देऊ नका. कागदाचा मसुदा एक दिवस आधी घरी आणा. रात्री जेवणे झाल्यावर शाळेत जाणाऱ्या नातीकडून तो सर्वांसमोर मोठ्याने वाचून घ्या. हिस्सा कोणाचा, रक्कम किती, गट नंबर कोणता, हे सगळे घराच्या कानावर पडू द्या. जे वाचताना कोणाचा आवाज अडखळेल, तिथेच थांबून विचारा. अंगठा उद्याही देता येईल.