शारजाहून आलेला लॅपटॉप आणि इथली वॉरंटी

माझी भाची कोल्हापूरला आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या जुलैत, सबमिशनला बारा दिवस उरले असताना, तिच्या लॅपटॉपची स्क्रीन काळी झाली. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीनवर काहीच नाही. लॅपटॉप जेमतेम सात महिन्यांचा. तिचे अब्बा शारजाला नोकरीला असतात, रजेवर येताना त्यांनीच तो आणला होता. "खाला, वॉरंटीत आहे, होऊन जाईल," असे ती मला फोनवर म्हणाली आणि रिक्षा करून सर्व्हिस सेंटरला गेली.

काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप उलटा केला, मागचा सिरियल नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि म्हणाला, "मॅडम, हा युएईचा आहे. इंडियात याची वॉरंटी दिसत नाही. मदरबोर्ड गेला असेल तर पैसे भरून करावा लागेल." त्याने सांगितलेला आकडा होता सत्तावीस हजार. पोरगी तिथेच रडवेली झाली.

कोकणातल्या आपल्या गावांत आखातात कुणीच नाही असे घर शोधावे लागेल. तिकडून पूर्वी टेपरेकॉर्डर यायचे, आता लॅपटॉप येतात. कस्टमचीही अडचण नसते, अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटी न भरता आणता येतो. आपण किंमत विचारतो, रॅम विचारतो, रंगसुद्धा विचारतो. वॉरंटी कोणत्या देशाची, हे मात्र कुणी विचारत नाही. आमच्या घरातही कुणी विचारले नव्हते.

मुळात वॉरंटी म्हणजे कंपनीने लिहून दिलेले आश्वासन. ते किती दिवसांचे आणि कोणत्या देशांत पाळायचे, हे कंपनी ठरवते, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलना वेगळे नियम असू शकतात. अ‍ॅपलच्या मॅकबुकची एक वर्षाची वॉरंटी साधारणपणे इतर देशांतही चालते. लेनोवोच्या बहुतेक थिंकपॅडना आंतरराष्ट्रीय वॉरंटी सेवा असते, तर त्याच कंपनीच्या स्वस्त आयडियापॅडमधल्या बऱ्याच मॉडेलना ती नसते. एसर आपल्या लॅपटॉपसोबत प्रवाशांसाठी वेगळी आंतरराष्ट्रीय वॉरंटी देते. एचपीच्या बाबतीत तेच मॉडेल या देशात विकले जाते का, हा प्रश्न येतो. डेलच्या लॅपटॉपवर सर्व्हिस टॅग असतो आणि अर्ज करून त्या टॅगचा देश बदलून घेता येतो. म्हणून "अमुक कंपनीचा आहे ना, मग जगभर चालते" या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये. सिरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की वॉरंटीचा प्रकार आणि शेवटची तारीख समोर येते. दोन मिनिटांचे काम आहे, आणि ते पैसे देण्याआधी, दुकानात उभे राहूनच करायचे.

भाचीच्या लॅपटॉपला आंतरराष्ट्रीय वॉरंटी होती. फक्त कंपनीच्या नोंदीत देश युएई होता आणि तो बदलून भारत करायला हवा होता. काउंटरवरच्या मुलाला हे ठाऊक नव्हते, किंवा सांगायचा कंटाळा असेल. कंपनीच्या हेल्पलाइनवर तिसऱ्यांदा फोन केल्यावर एका बाईंनी नीट समजावले: सिरियल नंबर, खरेदीचे बिल, जुना देश, नवा देश आणि इथला पत्ता एवढे फॉर्ममध्ये भरा.

आता बिल! बिल शारजात, मेहुण्यांच्या खोलीतल्या बॅगेत. रात्री ड्युटीवरून आल्यावर बिचाऱ्यांनी ते शोधून काढले, तर कागद जवळजवळ कोरा. ही दुकानातली गुळगुळीत कागदाची बिले उष्णतेने छापली जातात आणि उष्णतेनेच उडून जातात. सुदैवाने बँकेच्या मेसेजवरून खरेदीची तारीख सापडली आणि दुकानाने नवे बिल छापून दिले. त्यावर सिरियल नंबरही होता. बिल आणखी एका कारणासाठी लागले. कंपनीच्या हिशेबात वॉरंटीचे अकरा महिने संपले होते. खरेदीची नोंद केलेली नसली की मुदत बहुधा कारखान्यातून माल निघाल्यापासून मोजतात, आणि लॅपटॉप चार महिने दुकानातच पडून होता. बिल दाखवल्यावर तारीख दुरुस्त झाली.

देश बदलायला पाच दिवस लागले, पार्ट यायला आणखी अकरा. म्हणजे वॉरंटी मिळाली, पण सबमिशन तोवर होऊन गेले होते. ती मुलगी कॉलेजच्या लॅबमध्ये रात्री नऊपर्यंत बसून काम करत होती. अर्धी ड्रॉइंग मैत्रिणीला मेल केली होती ती वाचली, बाकीची पुन्हा काढली. देश बदलण्याचे काम लॅपटॉप घरी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात केले असते तर हे दिवस वाचले असते.

आमच्या शेजारच्या घरात प्रकरण वेगळे झाले. त्यांच्या मुलाने बर दुबईच्या कॉम्प्युटर बाजारातून स्वस्तात लॅपटॉप घेतला. बिलावर "एक वर्ष वॉरंटी" लिहिले होते, पण ती दुकानाची, कंपनीची नव्हे. यंत्रही आधी वापरून दुरुस्त केलेले निघाले. दुकानाची वॉरंटी दुकानाच्या दारातच चालते, त्यासाठी लॅपटॉप दुबईला न्यायला हवा. त्याची बॅटरी फुगली होती, आणि तसली बॅटरी विमानात न्यायची नसते. शेवटी स्वतःचे पैसे घालून चिपळूणलाच करून घेतला.

वॉरंटी असली तरी तिच्यात सगळे बसत नाही. चहा सांडला, पडला, पावसाळ्यात वीज कमीजास्त होऊन बोर्ड जळला, तर सहसा पैसे आपलेच. मशीन दोन-तीन वर्षांच्या वॉरंटीचे असले तरी बॅटरीला बहुधा एकच वर्ष. आखातातल्या चौकोनी पिनांच्या प्लगसाठी ढिला, स्वस्तातला कन्व्हर्टर लावू नका. चार्जरच्या डबीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते. तसे असेल तर तीच डबी ठेवून भिंतीकडची वायर तेवढी भारतीय पिनांची घ्यायची.

आणि मुलींच्या आयांनो, लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी, तो चालू होत असेल तर घरातले फोटो दुसरीकडे काढून घ्या आणि लॅपटॉपमधून पुसून टाका. काउंटरवर पासवर्ड मागतात. तो चिठ्ठीवर लिहून देऊ नका, तपासणीसाठी वेगळे खाते उघडून द्या. मशीन सोडताना जॉबशीट घ्या, त्यावर सिरियल नंबर आणि बिघाड लिहिला आहे ना, ते वाचून पाहा.

कंपनीने आंतरराष्ट्रीय वॉरंटी लेखी दिलेली असूनही इथे नकार मिळाला, तर नकारही लेखी मागा. तोंडी "नाही होत" म्हणणारे पुष्कळदा लिहून द्यायची वेळ आली की वरिष्ठांना विचारतात. त्यानेही झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही जाता येते. आमच्यावर ती पाळी आली नाही.

आता धाकट्या भाच्याला लॅपटॉप हवा आहे. परवा मेहुण्यांचा दुकानातूनच फोन आला. "आपा, सिरियल नंबर सांगतो, लिहून घ्या." मी वेबसाइटवर टाकला. वॉरंटी फक्त युएईपुरती. इथल्या दुकानातली किंमत विचारली तर फरक साडेतीन हजारांचा निघाला. मेहुणे म्हणाले, "मग तिथेच घ्या, मी पैसे पाठवतो." बिल भाच्याच्या नावाने केले आणि त्याचा फोटो त्याच संध्याकाळी तिघांच्याही मोबाइलमध्ये ठेवला.