नातेवाइकांचा कारखाना आणि आपले डॉलर

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी भारतातून असा फोन कधी ना कधी येतो. भोसरीला, सातपूरला, शिरोलीला किंवा इचलकरंजीला कोणाचा तरी लहानसा कारखाना असतो. ऑर्डर हातात आहे, नवीन मशीन घ्यायचे आहे, बँक काही रक्कम देते, उरलेली तुम्ही द्याल का, असा प्रश्न असतो. यावर आपण एक तर भावनेच्या भरात चेक लिहितो, नाही तर "तिकडे धंदा करणेच अशक्य" असे म्हणून विषय संपवतो. माझे शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे आणि पोट सॉफ्टवेअरवर. पण गेली काही वर्षे चुलत भावाच्या भोसरीतल्या गाळ्याचे हिशेब मी जवळून पाहतो आहे. त्यावरून लघुउद्योगाचे खरे दुखणे कुठे असते, हे सांगण्याचा प्रयत्न करतो.

अडचणींची नेहमीची यादी सर्वांना पाठ आहे : वीज, जागा, परवाने, इन्स्पेक्टर, कुशल कामगार. या अडचणी खोट्या नाहीत, पण त्यांतल्या काही पूर्वीइतक्या जीवघेण्या राहिलेल्या नाहीत. जागेसाठी महाराष्ट्रात १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि प्लॉट, रस्ते, पाणी यांची निदान चौकट तयार झाली. लघुउद्योगांसाठी काही वस्तूंचे उत्पादन राखून ठेवण्याची पद्धत १९६७ साली सुरू झाली. तिने संरक्षण दिले, पण कारखाना मोठा केला की संरक्षण गेले, म्हणून माणसे मुद्दाम लहानच राहिली. त्या यादीतल्या शेवटच्या २० वस्तू २०१५ साली काढण्यात आल्या. जकात गेली आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. एवढे होऊनही भोसरीतला माणूस रात्री जागा असतो, तो एकाच कारणाने : माल गेला, पैसे आले नाहीत.

हे आकड्यांत मांडतो. आकडे मी समजण्यासाठी सोपे केले आहेत. समजा, एका गाळ्यातून दर महिन्याला १० लाख रुपयांचे सुटे भाग जातात. पोलाद, मजुरी, वीज, भाडे मिळून खर्च ९ लाख, म्हणजे नफा १ लाख. वर्षाला १२ लाख, कागदावर झकास! आता गिऱ्हाईक ९० दिवसांनी पैसे देते. पोलादवाला मात्र रोख मागतो, पगार सात तारखेला द्यावा लागतो आणि वीज मंडळ कोणासाठी थांबत नाही. म्हणजे पहिला रुपया हातात येण्यापूर्वी तीन महिन्यांचा खर्च, २७ लाख रुपये, स्वतःच्या खिशातून बाहेर गेलेला असतो. तो परत येतो आणि पुन्हा अडकतो. धंदा चालू आहे तोवर ते २७ लाख कायमचे बाहेरच. आम्हा संगणकवाल्यांना हे रांगांच्या गणितातून माहीत असते : रांगेत किती माणसे उभी असतील, तर येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा काळ. माणसांच्या जागी रुपये घाला, गणित तेच.

त्यावर १२ टक्के व्याज धरले तर वर्षाला ३ लाख २४ हजार, म्हणजे नफ्यातले चार आण्यांहून जास्त, केवळ वाट पाहण्यात गेले. शिवाय जीएसटी. १० लाखांच्या बिलावर १८ टक्के म्हणजे १ लाख ८० हजार. कच्च्या मालावर भरलेला कर त्यातून वजा होतो, पण उरलेला सरकारजमा करण्याची मुदत बिलावरून ठरते, गिऱ्हाइकाने पैसे दिले की नाही यावरून नाही. जे अजून मिळालेच नाही, त्यावरचा कर घरातून भरायचा.

आता नवीन मशीनचे पाहा. उत्पादन दुप्पट झाले, महिन्याचा खर्च १८ लाख झाला. मुदत तीच ९० दिवस. अडकलेली रक्कम ५४ लाख. म्हणजे मशीनच्या किमतीखेरीज आणखी २७ लाख खेळते भांडवल हवे. मशीनसाठी बँक कर्ज देते, कारण मशीन डोळ्यांना दिसते आणि तारण राहते. खेळत्या भांडवलाची उचल मात्र येणे बाकीवर ठरते, आणि ९० दिवसांपेक्षा जुनी बाकी बँका त्यात सहसा धरत नाहीत. गिऱ्हाइकाने जितका उशीर करावा, तितकी बँकेची ओंजळ आखडते. ऑर्डरी भरपूर असताना कारखाना बंद पडतो तो असा. शेजारीपाजारी म्हणतात, "चांगला चालला होता, काय झाले कोण जाणे."

यावर कायदा नाही का? चांगला आहे. पहिला १९९३ साली झाला आणि २००६ च्या कायद्याने तो अधिक कडक केला. लेखी करार असला तरी सूक्ष्म व लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायलाच हवेत, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. दाद मागण्यासाठी राज्यात परिषद आहे, २०१७ पासून तक्रार ऑनलाइन करता येते, आणि निकालाविरुद्ध कोर्टात जायचे तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने केंद्र सरकारला आपल्या पुरवठादारांना सर्वसाधारणपणे ३० दिवसांत पैसे देणे भाग आहे. भारताचा कायदा खासगी कंपन्यांनाही लागू आहे, म्हणजे त्या बाबतीत तो याच्या एक पाऊल पुढे.

मग तक्रार का होत नाही? हे मी भावाला विचारले. तो म्हणाला, "दादा, माझा साठ टक्के माल एकाच ठिकाणी जातो. आज नोटीस पाठवली, तर उद्या ते ड्रॉइंग शेजारच्या गाळ्यात जाईल." कायदा त्याच्या बाजूने आहे, पण गिऱ्हाईक दुसरे नाही. माझ्या मते लघुउद्योगाच्या वाटेतला सर्वांत मोठा धोंडा हाच आहे, आणि तो परवान्यांच्या कोणत्याही सुधारणेने हलत नाही.

सरकारच्या हे लक्षात आलेले दिसते, कारण पुढचे दोन उपाय तक्रारीवर अवलंबून नाहीत. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला आयकरात तो खर्च वजा मिळत नाही. दुसरा उपाय 'ट्रेड्स' या बिलवटावाच्या व्यवस्थेचा. कंपनीने बिल मान्य केले की वित्तसंस्था त्यावर बोली लावतात, कारखानदाराला थोड्या दिवसांत पैसे मिळतात आणि वसुली नंतर कंपनीकडून होते. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी करण्यासाठी ३१ मार्च २०२५ ही मुदत दिली होती. नोंदणी झाली म्हणून प्रत्येक बिल तिथे जाते असे नाही, पण मागणी करता येते. या दोन्हींसाठी कारखान्याची 'उद्यम' नोंदणी हवी. ती फुकट होते, आणि तरीही ती न केलेली माणसे मला भेटली आहेत!

तेव्हा फोन आला की मशीनचे कोटेशन नंतर मागा. आधी येणे बाकीची यादी मागवा : कोणाकडून किती, आणि किती दिवसांचे. सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचा वाटा किती, हे विचारा. जीएसटीचे रिटर्न थकले आहेत का, तेही विचारा. थकले असतील, तर मशीनच्या नावाखाली जुने खड्डे बुजवायचे असण्याची शक्यता मोठी. बँकेसाठी राहते घर गहाण टाकायचे आहे, त्यावर तुमचीही सही हवी, असे कोणी म्हणाले, तर बिनतारण कर्जाला हमी देणाऱ्या सीजीटीएमएसई योजनेतून अर्ज केला का, हे पाहा. एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटी आहे. आईवडील ज्या घरात राहतात, ते लेथमशीनपायी पणाला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या भावाने यादी पाठवली, तेव्हा मशीनच्या किमतीहून मोठी रक्कम लोकांकडे पडलेली निघाली. मशीन त्याने वर्षभर पुढे ढकलले आणि महिन्याभरात पैसे देणारी दोन लहान गिऱ्हाइके जोडली. भाव थोडा कमी मिळतो, पण झोप लागते म्हणतो.

पैसे पाठवायचेच ठरले, तर दोन्हीकडचे कर पाहा. सख्ख्या भावाबहिणीला दिलेली भेट भारतात करमुक्त आहे. चुलत, मावस, मामेभाऊ मात्र आयकराच्या व्याख्येत 'नातेवाईक' नाहीत. त्यांना वर्षात ५० हजार रुपयांवर भेटी मिळाल्या, तर सगळी रक्कम त्यांच्या उत्पन्नात धरली जाते. इकडे २०२५ साली एका व्यक्तीला १९,००० डॉलरपेक्षा जास्त भेट दिल्यास फॉर्म ७०९ भरावा लागतो. बहुतेकांना त्यावर प्रत्यक्ष कर पडत नाही, पण फॉर्म चुकवू नये. कर्ज म्हणून द्यायचे असेल, तर फेमाचे नियम लागतात. रक्कम कोणत्या खात्यातून जावी आणि परत आणता येईल का, हे पैसे पाठवण्यापूर्वी बँकेकडून लेखी घ्या. कारखान्यात भागीदार होणार असाल, तर त्याआधी इथल्या सीपीएला विचारा. परदेशी भागीदारीचा फॉर्म ८८६५ भरायचा राहिल्यास दंड १०,००० डॉलरपासून सुरू होतो.