हजाराची अट

ओळखीतल्या एका वहिनींचं पाककृतींचं यूट्यूब चॅनेल आहे. दुपारी भांडी आवरली की त्या फोन घेऊन बसतात, पण रेसिपी टाकायला नव्हे. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंकांची रांग लागलेली असते: "नवीन चॅनेल आहे, सबस्क्राईब करा, स्क्रीनशॉट टाका, लगेच रिटर्न देते." वहिनी एकेक लिंक उघडतात, सबस्क्राईबचं बटण दाबतात, व्हिडिओ थोडा चालू देतात आणि खाली कमेंट करतात. हात इतका बसलाय की ट्रॅक्टर दुरुस्तीच्या व्हिडिओखालीही "खूप छान रेसिपी ताई" पडतं.

याला फसवणूक म्हणून मोकळं होणं सोपं आहे. यूट्यूबच्या नियमांतही अशा अदलाबदलीला बंदी आहे. पण आधी हिशेब बघू. 2018 पासून लांब व्हिडिओंवर जाहिरातींचा वाटा हवा असेल तर 1,000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत 4,000 तास बघितलं जाणं, अशी अट आली. म्हणजे 2,40,000 मिनिटं. पाच मिनिटांची रेसिपी शेवटपर्यंत 48,000 वेळा बघितली गेली, तर हे भरणार. शिवाय वर्षापूर्वीचे तास रोज मागून गळत राहतात. कापूस वेचणाऱ्या बाईला पहिल्या किलोचीही मजुरी मिळते; इथे 999 सबस्क्रायबरांवर जाहिरातींचा एक रुपया नाही. मधल्या वाटेवर जाहिरातींतलं काहीच मिळत नसेल, तर माणूस चोरवाट शोधणारच.

मोजमाप बदललं की युक्तीही बदलते. पूर्वी व्ह्यूंना महत्त्व होतं, तेव्हा भलतीच चित्रं लावून लोकांना आत ओढलं जाई. 2012 मध्ये यूट्यूबने बघण्याच्या वेळेला वजन दिलं आणि व्हिडिओ लांबू लागले. मध्येच जाहिरात घालायची तर व्हिडिओ किमान दहा मिनिटांचा लागे. 2020 मध्ये ती मर्यादा आठवर आली. वहिनींचा उपमा त्यामुळेच आठ मिनिटांचा झालाय. रवा भाजायच्या आधी सासूबाईंची आठवण येते, मग हवापाणी. माझ्या मते तो पहिला पाच मिनिटांचाच बरा होता.

अडचण पुढेच आहे. अदलाबदलीतून आलेले सबस्क्रायबर स्वतःच चॅनेलवाले. त्यांना उपम्यात रस नाही. हजार भरतात, तास भरत नाहीत. त्यामुळे हजार ओलांडलेल्यांचा आता वेगळा ग्रुप निघालाय. तिथे सबस्क्राईब कुणी मागत नाही. तिथला मेसेज असतो: "पूर्ण बघा, स्किप करू नका, मीही तुमचा पूर्ण बघते."