अमेरिकेंतील खानेसुमारीचीं पत्रकें व परदेशांतून आलेल्या पूर्वजांचा शोध

वंशावळ जुळवूं पाहणाऱ्या संशोधकास आपल्या देशांत महजर, निवाडपत्रें, इनामांचे कागद व तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांचा आधार मिळतो. समुद्र ओलांडून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वस्ती केलेल्या कुटुंबापाशीं असे कागद बहुधा नसतात. मूळ गांव कोणतें, पहिला पुरुष केव्हां आला, हें पुष्कळदां तिसऱ्या पिढीसही ठाऊक नसतें. अशा कुटुंबाचा मागोवा घेण्याचें पहिलें साधन म्हणजे तेथील दशवार्षिक खानेसुमारीचीं पत्रकें होत. तीं कशीं वाचावीं व त्यांवर भरंवसा किती ठेवावा, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ही खानेसुमारी १७९० पासून दर दहा वर्षांनीं होत आली आहे. १८४० पर्यंतच्या पत्रकांत केवळ कुटुंबप्रमुखाचें नांव असून बाकीच्यांची नुसती संख्या दिलेली आहे. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचें नांव, वय व जन्मस्थान येऊं लागलें. १८८० मध्यें प्रमुखाशीं नातें व आईबापांचीं जन्मस्थानें, आणि १९०० मध्यें देशांत आल्याचें साल व नागरिकत्वाची स्थिति हीं कलमें आलीं. १८९० चीं पत्रकें जानेवारी १९२१ मध्यें वॉशिंग्टन येथें लागलेल्या आगीमुळें जवळजवळ सर्व गेलीं. त्यामुळें १८८० ते १९०० हा खंड पडला आहे, आणि नेमका तोच मोठ्या स्थलांतराचा काळ होय. पत्रकें ७२ वर्षें बंद ठेवण्याचा नियम असून १९५० चीं १ एप्रिल २०२२ रोजीं खुलीं झालीं.

शोध नेहमीं अलीकडून पलीकडे न्यावा. समजा, एकाच गृहस्थाचें आगमनवर्ष १९०० च्या पत्रकांत १८८८, १९१० च्या पत्रकांत १८९० व १९२० च्या पत्रकांत १८९१ असें आढळलें. यांपैकीं एक खरें मानून दुसरीं टाकूं नयेत. १८८८ ते १८९१ ही मर्यादा धरून जहाजांच्या उतारूंच्या याद्या तपासाव्या. नागरिकत्वाच्या रकान्यांतील ‘ना’ हें अक्षर नागरिकत्व मिळाल्याचें, ‘पा’ हें पहिला अर्ज दिल्याचें व ‘अल्’ हें परकीयत्वाचें चिन्ह आहे. १९२० मध्यें नागरिकत्व मिळाल्याचें सालही विचारलें गेलें. त्यावरून न्यायालयांतील कागद गांठतां येतात. सप्टेंबर १९०६ नंतरच्या या कागदांत जन्मगांव व जहाजाचें नांव मिळण्याचा संभव मोठा असतो. खानेसुमारींत बहुधा देशाचेंच नांव असतें. मात्र १९२० मध्यें जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया व तुर्कस्तान येथें जन्मलेल्यांचा प्रांत किंवा शहर लिहिण्याची सूचना होती. तें कलम अवश्य पाहावें.

नांवांचें लेखन गणकाच्या कानावर अवलंबून होतें. म्हणून १९३० नंतरच्या दशकांत कांहीं खानेसुमाऱ्यांची ध्वनीवर आधारलेली सूची करण्यांत आली. तींत एक अक्षर व तीन अंक यांनीं आडनांव दर्शवितात. ‘स्मिथ’ व ‘श्मिट’ हीं दोन्ही एकाच संकेताखालीं येतात.

हीं पत्रकें समकालीन खरीं, परंतु तीं साक्ष आहेत, सनद नव्हेत. माहिती घरच्या बाईनें दिली, मुलानें दिली कीं शेजाऱ्यानें, हें जुन्या पत्रकांत कळत नाहीं. १९४० मध्यें मात्र घरांतील ज्यानें माहिती दिली त्याच्या नांवापुढें वर्तुळांत फुली मारलेली असते.

कांहीं विसंगति मात्र सांगणाराच्या नव्हेत, कायद्याच्या असतात. याचें ठळक उदाहरण आपल्या देशबांधवांचें होय. १९२० पासून १९४० पर्यंतच्या पत्रकांत हिंदुस्थानांतून आलेल्या मनुष्याचा वंश, त्याचा धर्म कोणताही असो, ‘हिंदु’ असा लिहीत. कॅलिफोर्नियांतील पंजाबी शीख शेतकरीही याच नांवाखालीं सांपडतात. फेब्रुवारी १९२३ मध्यें भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थानें ‘गोरा’ नव्हे असें ठरविलें, व कित्येकांस पूर्वीं मिळालेलें नागरिकत्व काढून घेण्यांत आलें. १९४६ च्या कायद्यानें तें द्वार पुन्हां उघडलें. तेव्हां १९२० मध्यें ‘ना’ असलेल्या हिंदी गृहस्थापुढें १९३० मध्यें ‘अल्’ दिसल्यास तो गणकाचा प्रमाद म्हणून सोडून देणें बरें नव्हे. त्या दोन अक्षरांत एका कुटुंबावर ओढवलेला प्रसंग नोंदलेला असूं शकतो.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. परदेशांतून आलेलीं जुनीं पत्रें जपतांना तिकीट काढून घेऊन पाकीट टाकून देण्याची चाल आहे. १८८० पासून शहरांतील पत्रकांवर रस्त्याचें नांव व घरांक असतात. सूचींत नांव विपरीत लिहिलें गेल्यामुळें जो मनुष्य सांपडत नाहीं, तो पाकिटावरील पत्त्यानें गणनेचा विभाग ठरवून व पानें चाळून हातीं लागतो. सबब पत्राइतकेंच पाकीटही दप्तरांत ठेवावें, ही आमची सूचना आहे.