प्रोजेक्ट नक्की कुणी केला?

कॉलेजात प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला की आधी फॉर्मल शर्टची खरेदी होते आणि मग ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं पाठांतर. हॉस्टेलच्या गच्चीवर, आरशासमोर, लोकलच्या गर्दीत ओठ हलत असतात. नाव, गाव, हॉबीज आणि शेवटी ‘आय अ‍ॅम अ हार्ड वर्कर’. समोरच्या पॅनलने सकाळपासून हेच ऐकलेलं असतं. तुमचं पाठांतर चालू असताना ते तुमचा रिझ्युमे वाचत असतात आणि पुढचे प्रश्न त्यातूनच निघतात.

त्यामुळे तयारी नेटवरच्या ‘हमखास प्रश्नां’पासून नको, स्वतःच्या रिझ्युमेपासून करा. त्यातल्या प्रत्येक ओळीला ‘कसं?’ आणि ‘का?’ विचारा. सगळ्यात जास्त धोका असतो तो प्रोजेक्टच्या ओळीला.

इंजिनीअरिंगच्या बॅचमध्ये हमखास सापडणारा प्रोजेक्ट घ्या: आर्डुइनोवर चालणारं ऑटोमॅटिक सिंचन. मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर, एक रिले, छोटा पंप. पंप थेट बोर्डाला का नाही जोडला? कारण बोर्डाच्या पिनमधून पाच व्होल्ट आणि जेमतेम काही मिलिअँपिअर मिळतात, तेवढ्यावर पंप चालत नाही. इथपर्यंत बरेच जण तरतात. मग प्रश्न येतो, ‘‘सेन्सर किती दिवस टिकला?’’ इथे गडबड होते. दोन काट्यांचा तो स्वस्त सेन्सर ओल्या मातीत सतत करंट मिळाला की गंजतो आणि चुकीचं रीडिंग द्यायला लागतो. परीक्षेपुरता दहा मिनिटांचा डेमो दिला असेल, तर हे कळणारच नाही. ज्याने कुंडीत आठवडाभर सेन्सर खुपसून ठेवला, तो म्हणेल, ‘‘सर, गंजला. मग आम्ही रीडिंग घेण्यापुरताच त्याला करंट द्यायला लागलो.’’ इंग्रजी अडखळत असलं तरी या मुलाने काम केलंय, हे लगेच कळतं.

आता अवघड मुद्दा. रेडिमेड प्रोजेक्ट कुठे मिळतात हे कॉलेजात सगळ्यांनाच माहीत असतं. तुमचाही तसाच असेल, तर इंटरव्ह्यूआधी तो बाहेर काढा. एक वायर काढून काय बंद पडतं ते बघा, कोडमधला एक आकडा बदला. चार-पाच संध्याकाळी अशा घालवल्यात तर तो निदान समजलेला तरी असेल. चौघांच्या ग्रुपमध्ये तुम्ही फक्त रिपोर्ट लिहिला असेल, तर तसंच सांगा. ‘वुई डिड’ म्हटलं की पुढचा प्रश्न ‘व्हॉट डिड यू डू?’ असतो. आणि काहीच जमणार नसेल, तर ती ओळ सरळ खोडा.

हे फक्त इंजिनीअरिंगवाल्यांसाठी नाही. बीकॉमवाल्याने ‘जीएसटीची माहिती’ लिहिलं की जीएसटीआर-१ आणि ३बी यातला फरक विचारला जातो. पहिल्यात विक्रीच्या बिलांचा तपशील, दुसऱ्यात महिन्याचा एकूण गोषवारा आणि कर भरणा. घरच्या दुकानाची बिलं ज्याने बसून लावलीत, त्याला हे पाठ करावं लागत नाही. पण गंमत बघा, दुकानावर बसण्याचा हा अनुभव रिझ्युमेत कुणी लिहितच नाही!

इंग्रजीचं टेन्शन मराठी मीडियमवाल्यांना जास्त. त्यावर साधा उपाय: मोबाइलवर आपला प्रोजेक्ट दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करा आणि ऐका. पहिल्यांदा स्वतःचाच आवाज ऐकवत नाही, ते होणारच. वाक्यं छोटी करा. शब्द अडला तर थांबा, हवं तर हिंदीत सांगू का, असं विचारा. उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा आणि त्याच्या जवळचं जे येतं ते सांगा. थापा मारल्या की पुढचा प्रश्न त्या थापेवरच येतो.

शेवटी ‘एनी क्वेश्चन्स?’ विचारतात, तेव्हा ‘नो सर’ म्हणून उठू नका. ट्रेनिंग किती महिने, शिफ्ट कुठली, बॉण्ड आहे का, हे विचारण्यात लाज कसली? एचआरने पॅकेज सांगितलं की हातात किती येणार तेही विचारा. सीटीसीत बऱ्याचदा कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते, ती दरमहा खात्यात येत नाही. हा हिशेब घरी फोन करून पॅकेजचा आकडा सांगण्याआधी करा.