‘नवीन काय?’ कोण सांगतं?

मुलांनो, घरच्या मोबाईलवर एखादं ॲप अपडेट करताना खाली ‘नवीन काय?’ असा मजकूर दिसतो. वाचता का कधी? बहुतेक जण वाचतच नाहीत! पण तो तयार कसा होतो, ते ऐका.

मोठं सॉफ्टवेअर अनेक जण मिळून लिहितात. रोज थोडा थोडा बदल होतो. प्रत्येक बदल जमा करताना काय केलं याची छोटी नोंद लिहायची असते. तिला ‘कमिट मेसेज’ म्हणतात. या नोंदी सांभाळणारी ‘गिट’ ही प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी बनवली. तिला ‘शॉर्टलॉग’ अशी आज्ञा दिली की कोणी कोणते बदल केले, त्याची यादी नावांनुसार समोर येते.

झालं काम? छे! खरं काम पुढेच आहे. शेकडो नोंदींतून लोकांच्या उपयोगाच्या तेवढ्या निवडायच्या. ‘नवे’, ‘दुरुस्त केलेले’, ‘काढून टाकलेले’ असे गट पाडायचे. मग भाषा सोपी करायची. समजा, नोंद आहे ‘लीप वर्षाची तपासणी दुरुस्त’. लोकांसाठी लिहायचं, ‘२९ फेब्रुवारी ही जन्मतारीख आता भरता येईल.’

पण मूळ नोंदच ‘थोडे बदल केले’ अशी असेल तर? मग त्यातून काय निवडणार, कपाळ!

हे मी स्वतः अनुभवलंय. महाराष्ट्रात २०१० साली आकारिक मूल्यमापन आलं. तेव्हापासून आम्ही शिक्षक वर्षभर नोंदी लिहितो आणि सत्र संपलं की त्यांवरून प्रगतिपुस्तक भरतो. आमच्या आंजीत एका मुलीपुढे मी तीनदा नुसतं ‘प्रगती चांगली’ लिहिलं होतं. कापूस वेचणीचा दिवस मोडून तिची आई शाळेत आली. म्हणाली, “गुरुजी, पोरगी कशात मांगं हाये, थे सांगा न.”

मी वही उघडली. सांगण्यासारखं काहीच नव्हतं! हातच्याच्या वजाबाकीत ती अडत होती, हे मला नंतर कळलं. तोवर सत्र निघून गेलं होतं.

आता तुम्ही एक करा. आठ दिवस वहीत रोज एक ओळ लिहा. ‘अभ्यास केला’ नको. ‘सातचा पाढा पाठ, आठचा अजून अडतो’ अशी लिहा. रविवारी त्यातल्या महत्त्वाच्या ओळी निवडा आणि आईबाबांना वाचून दाखवा.

अडलेलंही वाचा बरं का. मदत तिथेच हवी असते!